‘निकाली’, ‘कार्यवाही’, ‘मंजूर’: कचेरीतले आणि फलकांवरचे शब्द नेमके काय सांगतात?

लेखणी

या शब्दचर्चेत प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे. सरकारी उत्तरांत हमखास सापडणारं एक वाक्य चर्चेला घेते:

“उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपला अर्ज पुढील उचित कार्यवाहीस्तव संबंधितांकडे वर्ग करण्यात आला असून सदर प्रकरण या कार्यालयाच्या स्तरावरून निकाली काढण्यात येत आहे.”

गटार तुंबल्याची तक्रार असो की रेशनकार्डावर नाव चढवायचं असो, उत्तर याच साच्यातलं. व्याकरण बिनचूक आहे, पण कोण, काय, कधी करणार हे वाचणाऱ्याला कळत नाही आणि गटार तुंबलेलंच राहतं. ‘कार्यवाही’, ‘वर्ग’, ‘स्तरावरून’, ‘निकाली’ या शब्दांचा कचेरीतला अर्थ काय? आणि ‘कार्यवाही’ व ‘कारवाई’ एकच का?

बारनिशी

शेवटच्या प्रश्नापासून. मराठी कार्यालयीन वापरात हे दोन वेगळे शब्द आहेत. कारवाई ही कुणाविरुद्ध तरी होते: दंड, निलंबन, अतिक्रमण हटवणं, गुन्हा दाखल करणं. कार्यवाही म्हणजे कागदावर पुढचं पाऊल टाकणं, मग ते कुठलंही असो. पत्र पुढच्या टेबलावर सरकवलं तरी ती कार्यवाही झाली. हिंदीत हे शब्द बरेचदा एकमेकांच्या जागी येतात, आणि त्या प्रभावाने बातम्यांतही हल्ली ‘कडक कार्यवाही’ दिसते. त्यामुळे लोक ‘कार्यवाही सुरू आहे’ वाचतात आणि कुणाला तरी जाब विचारला जातोय असं समजतात.

अर्जातही ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं शेवटी लिहू नका. तुमची मागणी काय हे ठरवायचं काम तुम्ही त्यांच्यावर सोपवता. ‘अमुक चौकातील तुंबलेले गटार साफ करून, साफ केल्याचा दिनांक लेखी कळवावा’ असं लिहा. मोजता येणारी गोष्ट मागितली की ‘कार्यवाही केली’ एवढ्यावर उत्तर भागत नाही.

चावडी

‘निकाली’ची गंमत नाही, दुखणं आहे. बोलीत ‘निकाल लागला’ म्हणजे प्रश्न सुटला किंवा निर्णय झाला. कचेरीच्या मासिक गोषवाऱ्यात प्राप्त, निकाली, प्रलंबित असे रकाने असतात, आणि त्यातलं निकाली म्हणजे ‘या टेबलावरून कागद गेला’. अर्ज दुसऱ्या खात्याला पाठवला की पाठवणाऱ्याकडे तो निकाली, घेणाऱ्याकडे तो नव्याने प्राप्त. एकाच तक्रारीचे असे तीन निकाल कागदावर लागू शकतात आणि गटाराला हात लागलेला नसतो.

‘या कार्यालयाच्या स्तरावरून’ हे शब्द तेवढ्यासाठीच घातलेले असतात. प्रकरण सुटलं असं ते म्हणत नाहीत, आमच्यापुरतं संपलं एवढंच म्हणतात.

‘वर्ग’ म्हणजे हस्तांतरित. इथे तीन गोष्टी लगेच लेखी मागाव्यात: ज्या पत्राने अर्ज वर्ग केला त्याचा जावक क्रमांक, त्याचा दिनांक, आणि ‘संबंधित’ म्हणजे कोण त्याचं पदनाम. जावक क्रमांक मिळाला नाही तर अर्ज अजून तिथेच आहे असं धरून चाला.

लेखणी

म्हणजे ‘दप्तरी दाखल’ आणि ‘नस्तीबद्ध’ हेही निकालीच्याच घरातले?

बारनिशी

हो. नस्ती म्हणजे फाइल. नस्तीबद्ध केलं म्हणजे त्या कागदावर आणखी काही करायचं नाही असं ठरवून तो फाइलला लावला. दप्तरी दाखल म्हणजेही तेच. हा शेरा अधिकाऱ्याच्या सहीने पडतो, म्हणून त्याआधी सहसा कारकुनाची टिपणी असते, आणि तिच्यात कारण लिहिलेलं असतं. ती टिपणीच मागायची.

‘प्रतीक्षाधीन’ हा वेगळा शब्द आहे. कार्यालयांत सहा गठ्ठे पद्धत (कागद सहा प्रकारांत वेगळे लावणं) असते, त्यातला एक गठ्ठा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा. ज्या कागदावर दुसऱ्या कुणाचं उत्तर यायचंय तो तिथे जातो. ‘प्रतीक्षाधीन आहे’ हे उत्तर आलं की पुढचा प्रश्न एकच: कुणाच्या उत्तराची प्रतीक्षा, आणि त्यांना शेवटचं स्मरणपत्र कोणत्या तारखेला गेलं? पुष्कळदा स्मरणपत्र गेलेलंच नसतं.

पांदण

यापेक्षा महत्त्वाचा भेद वेगळाच आहे, तो म्हणजे अर्ज, तक्रार, निवेदन आणि हरकत यांतला. लोक सरसकट ‘निवेदन दिलं’ म्हणतात. पुढाऱ्यांनी ती सवय लावली आहे: पाच जणांनी मिळून कागद द्यायचा, फोटो काढायचा. निवेदन म्हणजे म्हणणं मांडणं. त्याला स्वतःची अशी कायदेशीर मुदत नाही.

अर्ज हा कायद्याच्या किंवा सेवेच्या नावाने केला तर घड्याळ सुरू होतं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित सेवा (दाखले, उतारे, नळजोडणी वगैरे) असेल तर प्रत्येक सेवेला ठरलेले दिवस आहेत, पदनिर्देशित (ती सेवा द्यायला नेमलेला) अधिकारी आहे, प्रथम व द्वितीय अपील आहे आणि त्यावर आयोग आहे. योग्य कारणाशिवाय सेवा दिली नाही तर 500 ते 5,000 रुपये शास्ती बसू शकते. तीच मागणी ‘निवेदन’ म्हणून केली तर यातलं काही लागू करून घेणं अवघड होतं.

हरकत तर सगळ्यांत धारदार शब्द. फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची, नोंद (गाव नमुना 6) झाली की 15 दिवसांची नोटीस निघते. त्या मुदतीत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, हरकत घ्यायची. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 150 प्रमाणे ती तोंडी घेतली तरी विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत (6-अ) चढवणं आणि तिची लेखी पोच ताबडतोब देणं हे त्याचं कर्तव्य आहे. मग ती नोंद परस्पर मंजूर होत नाही, सुनावणी लागते. इथे लोक चुकतात ते असं: कागदावर ‘विनंती अर्ज’ लिहितात, ‘माझ्या हिश्शाचा विचार व्हावा’ म्हणतात. ‘हरकत’ हा शब्द आणि फेरफार क्रमांक दोन्ही नसतात. नोंद मंजूर होते, मग अपिलात जावं लागतं आणि वर्षं जातात. विषयाच्या ओळीत सरळ लिहा: ‘फेरफार क्र. … वर हरकत’.

चावडी

पांदण यांनी ‘पोच’ म्हटलं, तिथे थोडं थांबू या, कारण सगळी मदार तिच्यावर आहे.

पोच म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा गोल किंवा चौकोनी शिक्का, आवक क्रमांक, दिनांक, आणि घेणाऱ्याची सही व पदनाम. यातलं काय गळतं ते पाहा. शिक्का असतो, तारखेची जागा कोरी असते. किंवा नुसती एक वाकडी रेघ सही म्हणून असते आणि पदनाम नसतं. किंवा ‘क्रमांक नंतर देतो’ म्हणतात आणि तो कधीच पडत नाही. आवक क्रमांक नसलेला कागद नोंदवहीत नसतो, आणि नोंदवहीत नसलेला कागद ‘प्राप्त झाल्याचे दिसून येत नाही’ या वाक्याने उडवता येतो. जोडलेल्या कागदांची संख्याही पोचेवर लिहून घ्या (‘सोबत 4 पाने’), म्हणजे उद्या त्रुटी काढताना ‘तो कागद जोडलाच नव्हता’ असं म्हणता येणार नाही.

खिडकीवर घ्यायला नकार दिला तर टपाल. ‘नोंदणीकृत पोचदेय डाक’ हा शब्द पत्रांत अजून चालतो, पण 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली आहे. तेव्हा स्पीड पोस्ट करताना नोंदणी आणि पोच या जादा सेवा मागून घ्या आणि पावती अर्जाच्या प्रतीला डकवून ठेवा.

वऱ्हाडी

हेलपाटे, खेपा, खेटे, चकरा यांबद्दल कुणी बोललंच नाही. आमच्याकडे ‘तहसीलच्या चकरा’ म्हणतात. खेप म्हणजे नुसती फेरी, ती सार्थकीही लागू शकते. खेटे घालण्यात आर्जव आहे, कुणाच्या तरी दारात पुन्हा पुन्हा उभं राहणं आहे. हेलपाटा मात्र फुकट गेलेलीच फेरी. मजुरी बुडवून आलेल्या माणसाला ‘साहेब मीटिंगला गेलेत’ ऐकून परतावं लागतं, तो हेलपाटा. हा शब्द माणसाने जगून कमावलेला आहे, प्रमाणभाषेत त्याला पर्याय शोधू नये.

लेखणी

मान्य. पण हेलपाटे थांबवायला फाइल एका टेबलावर किती दिवस राहू शकते याला काही बंधन आहे का? ‘प्रलंबित’ म्हणजे कधीपासून प्रलंबित?

बारनिशी

आहे, आणि ते फार कमी जणांना माहीत आहे, कारण कायद्याच्या नावात आधी ‘बदल्या’ येतात. महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, 2005. त्याचं कलम 10: सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. तातडीची असेल तर चार दिवस. दुसऱ्या विभागाला विचारायची गरज नसेल तर 45 दिवसांत निर्णय, गरज असेल तर तीन महिन्यांत. जाणूनबुजून केलेला विलंब शिस्तभंगाला पात्र. न्यायालयासमोरची प्रकरणं आणि अर्धन्यायिक (अधिकाऱ्याने सुनावणी घेऊन निकाल द्यायची) प्रकरणं यांसारख्यांना हे लागू नाही.

म्हणून ‘प्रक्रियेत आहे’ या उत्तरावर माहितीच्या अधिकारात हे मागा: ‘माझ्या दि. … आवक क्र. … च्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या हालचालीच्या नोंदीची व सर्व टिपण्यांची प्रत, तसेच फाइल ज्यांच्याकडे होती त्यांची पदनामे आणि ती आल्याचा व गेल्याचा दिनांक.’ जोडपत्र ‘अ’ (अर्जाचा ठरलेला नमुना), 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा. उत्तर 30 दिवसांत. आलं नाही तर जोडपत्र ‘ब’ मध्ये पहिलं अपील, 20 रुपये, पुढच्या 30 दिवसांत.

‘का’ हा शब्द टाळा. ‘विलंब का झाला?’ या प्रश्नाला ‘ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर येतं, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्ये तसंच म्हटलेलं आहे. कारण मागू नका, कारण ज्यावर लिहिलंय तो कागद मागा.

पांदण

आता फलकांवरचा शब्द घ्या: ‘मंजूर’. ‘यांच्या प्रयत्नातून रस्ता मंजूर’ असा फलक चौकात दोन-दोन वर्षं लटकतो आणि त्याच्याखालचे खड्डे तसेच. मंजूर या एका शब्दात किमान चार वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात.

तरतूद म्हणजे अर्थसंकल्पात आकडा धरला. प्रशासकीय मान्यता म्हणजे हे काम करायचं आणि एवढ्या खर्चापर्यंत करायचं असं ठरलं. तांत्रिक मान्यता म्हणजे अभियंत्याने अंदाजपत्रक तपासलं. मग निविदा, आणि शेवटी कार्यारंभ आदेश. हा आदेश निघाला की ठेकेदारावर मुदत बसते. त्याआधी कितीही नारळ फुटले तरी कामाची मुदत चालू होत नाही. निधीचंही तसंच: मंजूर, वितरित आणि खर्च हे तीन वेगळे आकडे असतात, आणि फलकावर नेहमी सगळ्यांत मोठा जातो. राग याचा येतो की हे शब्द लावणाऱ्यांना भेद पक्का ठाऊक असतो.

प्रतिनिधीला सभेत विचारायचा प्रश्न ‘रस्ता कधी होणार’ असा ठेवू नका. ‘कार्यारंभ आदेशाचा क्रमांक व दिनांक काय आणि काम पूर्ण करण्याची मुदत किती’ असं विचारा. ‘पाठपुरावा करतो’ म्हणाले तर पाठपुराव्याच्या पत्राची प्रत मागा.

चावडी

रस्ता झाल्यावरचा शब्दही यात घाला: दोषदायित्व कालावधी. काम पूर्ण झाल्यापासून करारात ठरलेल्या वर्षांपर्यंत उखडलेला भाग ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. पहिल्या पावसात रस्ता उखडला की लोक ‘नवीन रस्ता द्या’ असं निवेदन देतात, आणि त्याच खड्ड्यांवर दुसऱ्यांदा पैसा मंजूर होतो. लिहायचं असं: ‘सदर काम दोषदायित्व कालावधीत असल्याने मूळ ठेकेदाराकडून विनामूल्य दुरुस्ती करून घ्यावी.’ सोबत मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा. तिच्यात थराची जाडी लिहिलेली असते, ती जागेवर टेप लावून पडताळता येते. माहितीच्या अधिकारात कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचीही तरतूद आहे, ती फारसं कुणी वापरत नाही.

लेखणी

‘चिरीमिरी’, ‘चहापाणी’, ‘वजन ठेवणे’ हे शब्द मी मुद्दाम यादीत घेतले नव्हते. पण बातम्यांतल्या ‘तडजोडीअंती’चा अर्थ सांगा.

बारनिशी

‘दहा हजारांची मागणी करून तडजोडीअंती सहा हजार स्वीकारताना’ यातली तडजोड म्हणजे लाचेच्या रकमेवरची घासाघीस. तक्रार आल्यावर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आधी पडताळणी करतो, म्हणजे पंचासमोर मागणी खरंच होते का ते नोंदवतो. बहुधा त्याच संभाषणात रक्कम खाली येते. पडताळणीत मागणी सिद्ध झाली तरच सापळा. मागणी हाच गुन्ह्याचा कणा आहे, म्हणून तक्रारदाराने स्वतःहून रक्कम सुचवू नये. टोल फ्री क्रमांक 1064. आणि ‘चहापाणी’ म्हणून दिलेलीही लाचच: 2018 च्या दुरुस्तीनंतर देणाराही दोषी ठरतो, सक्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार केली तरच सूट.

वऱ्हाडी

एक राहिला, ‘न्यायप्रविष्ट’. हा ऐकला की लोक उठून घरी जातात.

बारनिशी

बरं झालं काढलात. न्यायप्रविष्ट म्हणजे प्रकरण न्यायालयापुढे आहे, एवढंच. स्थगिती म्हणजे न्यायालयाने काम थांबवलंय. पहिलं असलं म्हणजे दुसरं असतंच असं नाही. तेव्हा दावा क्रमांक, न्यायालयाचं नाव, पुढची तारीख आणि स्थगिती आदेशाची प्रत मागा. दावा क्रमांक मिळाला की ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर स्थिती घरबसल्या पाहता येते. स्थगितीची प्रत देता आली नाही, तर पुढच्या पत्रात ‘स्थगिती नसल्याने निर्णय घ्यावा’ हे वाक्य घाला आणि जुना आवक क्रमांक संदर्भात लिहा.