प्रतिसाद: मोठ्या ईमेल याद्या की न्यूजग्रुप?

रोज शेकडो पत्रे येणारी ईमेल यादी सोडून न्यूजग्रुपकडे, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या विषयवार चर्चागटाकडे, वळावे का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. माझ्या मते खरा फरक संदेश कुठे साठतो यात आहे. यादीवरचे प्रत्येक पत्र, आपण वाचो वा न वाचो, आपल्या इनबॉक्समध्ये येऊन पडते. न्यूजग्रुपमध्ये मात्र ते सर्व्हरवरच राहते, वाचक आधी केवळ शीर्षके मागवतो आणि हवा तेवढाच मजकूर उतरवून घेतो. सोलापुरात आमच्या अभ्यासगटातील विद्यार्थी लिनक्स कर्नेलची (लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्याची) चर्चा-यादी वाचतात, त्यांना परीक्षेच्या दिवसांत या सोयीचा फार आधार वाटतो.

न्यूजग्रुपचे मूळ जाळे असलेल्या, १९८० पासूनच्या यूजनेटवर आता पूर्वीची वर्दळ नाही, आणि गूगल ग्रुप्सनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यावरचे नवे संदेश घेणे थांबवले. परंतु कर्नेलच्या याद्यांचे 'लोअर' हे संग्रहस्थळ तीच पत्रे एनएनटीपीवरूनही, म्हणजे न्यूजग्रुप वाचण्याच्या पद्धतीनेही, देते. थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅममध्ये न्यूजग्रुप खाते उघडून तो सर्व्हर जोडावा; नको असलेल्या चर्चेवर 'के' ही कळ दाबली की तिच्यातील पुढची उत्तरेही दृष्टीआड राहतात.

ज्यांना ईमेलच सोयीची वाटते, त्यांनी फिल्टर विषयातील शब्दांवर न लावता 'लिस्ट-आयडी' या हेडरवर (पत्राच्या माथ्यावरील, यादीची ओळख सांगणाऱ्या नोंदीवर) लावावा, कारण चर्चेचा विषय बदलला तरी हा हेडर बदलत नाही. डायजेस्ट, म्हणजे अनेक पत्रांचे एकत्र येणारे एकच पत्र, घेण्याचा सल्ला काही जण देतात, तो मात्र मला पटत नाही. त्यातून उत्तर दिले की बहुधा चर्चेचा धागा तुटतो आणि मूळ प्रश्नकर्त्याला ते सापडत नाही.