वयानं मोठ्या ऑपरेटरला चूक कशी सांगायची?

कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉपला सुपरवायझर झालोय. एका जुन्या ऑपरेटरचं रिजेक्शन, म्हणजे नापास होणारे पीस, वाढलंय. त्यांना मी काका म्हणतो. सगळ्यांदेखत बोललो तर अपमान, गप्प बसलो तर पोरं म्हणतात काकांना सूट. काय करू?

मिरजकर: शिफ्ट सुटताना विषय काढू नका, एसटीची घाई असते. नाश्त्याच्या सुट्टीत एकटे गाठा. रिजेक्ट पीस हातात द्या, "काका, बोअर (पीसचं भोक) मोठं येतंय, काय होतंय?" एवढंच विचारा आणि ऐका. आमच्याकडे असं विचारल्यावर कळलं, माप तपासायचं गेजच झिजलेलं होतं! त्यांनी आधी सांगितलेलं, कुणी मनावरच घेतलं नव्हतं. साहेबांनी दुसऱ्याच दिवशी नवीन गेज दिलं. तेव्हापासून लोक अडचण आपणहून सांगतात.

वाचक: सहमत. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी 1999 मध्ये एका उत्पादन कंपनीतल्या 51 टीमचा अभ्यास मांडला. चूक बोलून दाखवायला जिथं भीती नाही, त्या टीम जास्त शिकतात, असं त्यात दिसलं.

सांगलीकर: गेज ठीक निघालं तर डोळे तपासून घ्यायला सुचवा. पण हे एचआरसमोर नको, आणि बोनसचा विषय तर मध्ये आणूच नका.