टॅब गेला, खरेदी नाही

इन्स्टाग्रामने २०२३ मध्ये खालच्या पट्टीतला शॉप टॅब काढला म्हणून सोशल मीडियावरून खरेदी करण्याची कल्पनाच फसली, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. आपल्याकडे खरा बाजार व्हॉट्सअ‍ॅपवर भरतो. बिझनेस अ‍ॅपमध्ये २०१९ साली कॅटलॉग (फोटो आणि भावासह वस्तूंची यादी) आला, डिसेंबर २०२० मध्ये कार्ट, म्हणजे निवडलेल्या वस्तू एकत्र ऑर्डर करायची टोपली. माझी वहिनी दिवाळीचा फराळ त्यावरच विकते. चकलीचा फोटो, किलोचा भाव, ऑर्डर चॅटमध्ये, पैसे यूपीआयने. पूर्वी तेच दर प्रत्येकाला नव्याने टाइप करावे लागायचे, फार वेळ जायचा तिचा.

मात्र अनोळखी पेजला आगाऊ पैसे पाठवू नका, कॅश ऑन डिलिव्हरीच मागा. माझे साडीचे पैसे असेच बुडाले. व्यवहार चॅटमध्ये झाला, त्यामुळे ऑर्डर नंबरच नव्हता. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना हाताशी होते ते फक्त स्क्रीनशॉट.