रस्त्यावरच्या धुळीतलं शिसं आणि तांबं: नमुना कसा घ्यायचा, ताडायचं कशाशी?

धूळपाटी:
पुण्यात चौकाजवळच्या सोसायटीच्या फाटकापाशी साचणाऱ्या धुळीतलं शिसं, तांबं, जस्त तपासून घ्यायचंय. नमुना कसा घ्यावा? आकडा कशाशी ताडावा? तळमजल्यावर रांगती मुलं आहेत.

कातळ:
पावसानंतर निदान आठवडाभर कोरडा जाऊ द्या. कर्बलगतच्या चार-पाच जागा, प्रत्येकी एक चौरस मीटर. ब्रश आणि सुपली दोन्ही प्लॅस्टिकची. ब्रश हलक्या हाताने ओढा. फटकारलात तर बारीक धूळ उडते, आणि हवी असते नेमकी तीच. सगळं एकत्र करून नायलॉनच्या १५० मायक्रॉन चाळणीतून गाळा, हाताला चिकटते ती धूळ साधारण त्याखालचीच. पितळी चाळणी नको: पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, दोन्ही आकडे फुगतात.

खरी गफलत होते ती तुलनेत. भूकवचाच्या वरच्या थराची सरासरी धरली तर तांबं ३० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ३० भाग) आत. आपला दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे काळा दगड, मुळातच १००च्या पुढे. खडी, क्रश सॅण्ड त्याच दगडाची. तेव्हा तांबं 'पाचपट' निघालं तरी सगळं गाड्यांच्या ब्रेकच्या झिजेच्या माथी मारू नका. रस्त्यापासून लांबची टेकडीवरची माती त्याच चाळणीने गाळून त्याच लॅबला द्या. शिशाचं उलट. बेसॉल्टमध्ये ते जेमतेम काही पीपीएम, त्यामुळे थोडी वाढही बोलकी असते.

रंगारी:
जस्त बरंचसं टायरचं, त्यात झिंक ऑक्साइड असतं. मुलांसाठी चिंता शिशाची. शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, पण आधीचं शिसं कडेच्या मातीत तसंच आहे. आणि ग्रिलकडे बघा! रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७पासून आली. त्याआधीचा ऑइलपेंट पोपडे धरत असेल तर कोरडा पॉलिशपेपर मारू नका, ओला करूनच घासा.

ओलीफरशी:
मुलांच्या पोटात धूळ जाते ती हातातोंडातून. केरसुणीने कोरडा केर काढण्याऐवजी ओलं पुसा, दोन बादल्या ठेवून: एक साबणाची, एक फडकं खळबळायला. चपला दाराबाहेर. अंगात लोह कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं, तेही बघून घ्या. रक्ततपासणी करायचीच तर शिरेतून. बोट टोचून घेतलं तर कातडीवरची धूळ आकडा वाढवते.

धूळपाटी:
तुलनेला वेताळ टेकडीची माती चालेल?

कातळ:
चालेल. पायवाट सोडून आत जा, पालापाचोळा बाजूला सारून घ्या. जळलेलं गवत किंवा राख दिसली तर ती जागा सोडा.