मदत हवी आहे: थ्रीडी प्रिंट केलेल्या ३१६एल स्टेनलेसचे पिटिंगचे (खड्डे पडून गंजण्याचे) आकडे जुळत नाहीयेत

नमस्कार मंडळी,

एम.टेक.चं दुसरं वर्ष, प्रोजेक्ट थ्रीडी प्रिंट केलेल्या ३१६एलच्या गंजावर. महिनाभर एकाच जागी अडकलोय. इथे मेटलर्जीवाले बरेच आहेत, म्हणून धागा काढला.

पावडर बेडवर लेझरने वितळवलेली पाच कुपनं (चाचणीचे तुकडे) बाहेरून जॉबवर्कने करून घेतली. तुलनेला बाजारातली रोल केलेली ३१६एलची पट्टी. ३.५ टक्के मीठपाणी, सेकंदाला ०.१६७ मिलिव्होल्ट वेगाने सायक्लिक पोलरायझेशन (व्होल्टेज हळूहळू चढवून उतरवायचं; खड्डे जितक्या वरच्या आकड्याला सुरू होतील तितकं चांगलं), संदर्भ इलेक्ट्रोड सिल्व्हर क्लोराइडचा. पट्टीला दर वेळी साधारण ३३० मिलिव्होल्टला खड्डे पडायला लागतात. प्रिंटची तीन कुपनं ६०० च्या वर जातात, वाचलं होतं तसंच. उरलेली दोन मात्र २५० लाच बसली. पट्टीच्याही खाली! पावडर एक, मशीन एक, पाचही एकाच प्लेटवर एकाच दिवशी छापलेली. आर्किमिडीजने घनता ९९.४ टक्के.

ऑक्झॅलिक आम्लाने एच करून (पृष्ठभाग किंचित कोरून) पाहिलं. बाजूच्या छेदावर मेल्ट पूल (लेझरने वितळून गोठलेले ठसे) माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक, आणि एसईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) अर्ध्या-एक मायक्रॉनच्या घरांची पोळ्यासारखी जाळी. पाचही कुपनांत हेच. मग फरक आला कुठून? सर म्हणतात, ११०० अंशाला तासभर ठेव, सगळं एकसारखं होईल. कुपनं मोजून पाच आहेत, म्हणून हात धजावत नाही.

प्रतिसाद १

भट्टी पेटवायच्या आधी थांबा. साध्या ३१६एलमध्ये खड्डा बहुतेक वेळा मँगनीज सल्फाइडच्या कणापाशी सुरू होतो. लेझरखाली धातू सेकंदाला लाखो अंशांच्या वेगाने थंड होतो, गंधकाला गोळा व्हायला सवडच मिळत नाही. मागे राहतात ते मँगनीज-सिलिकॉनच्या ऑक्साइडचे बारीक कण, आणि ते फारसा त्रास देत नाहीत. तुमची तीन कुपनं ६०० च्या वर जातात ती त्यामुळे. ११०० अंशाला तीच सवड तुम्ही स्वतःहून देणार. जाळी विरघळेल, क्रोमियम-मॉलिब्डेनम सारखं पसरेल हे खरं, पण सल्फाइड परत येऊ शकतं आणि चांगली तीनही खाली उतरतील. 'एकसारखं' होईल, पण वाईटाच्या बाजूला.

शिवाय दाब नसताना नुसत्या उष्णतेने छिद्रं बुजत नाहीत. हिप केलं (उष्णतेसोबत वायूचा जबर दाब दिला) तरी पृष्ठभागावर उघडलेली तशीच राहतात, कारण वायू आतही शिरतो.

प्रतिसाद २

जाळी पाचही कुपनांत सारखी असेल तर तिच्यावर संशय कशाला? ९९.४ टक्के म्हणजे ०.६ टक्के पोकळी, आणि आर्किमिडीज तिचा आकार सांगत नाही. गोल वायूचं छिद्र एक वेळ परवडलं. दोन थरांच्या मध्ये नीट न वितळल्याने राहिलेली चपटी फट वाईट: तोंड अरुंद, पोट खोल. आत प्राणवायू संपतो, क्लोराइड साठतं, पाणी आम्लधर्मी होतं आणि स्टेनलेसला गंजापासून वाचवणारा वरचा पातळ थर टिकत नाही. बाजूचा छेद घासला असेल तर अशा फटी तोंड उघडून बसतात. कुठला चेहरा घासला होता?

दुसरं, कुपन रेझिनमध्ये बसवलंय ना? कडेला केसाएवढी भेग पडली तरी तिथे क्रेव्हिस (फटीतला गंज) सुरू होतं आणि आपण त्यालाच पिटिंगचा आकडा म्हणून लिहितो. हे मी स्वतः वर्षभर केलंय, गाइडने पकडलं तेव्हा तोंड लपवायला जागा नव्हती.

आणि पेपरातले आकडे कॅलोमेलवर (दुसऱ्या प्रकारच्या संदर्भ इलेक्ट्रोडवर) असतील तर तुमच्याशी थेट ताडू नका. दोन्हींत ४५ मिलिव्होल्टचा फरक पडतो.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. काल रात्री दोन्ही कुपनं काढून पाहिली. एकाच्या कडेला रेझिनलगत तपकिरी कड स्पष्ट दिसली. म्हणजे तो आकडा बाद, कडेला लॅकर लावून पुन्हा घेतो. दुसऱ्याची कड स्वच्छ आहे, पण मधोमध एक लांबट भोक. एसईएमखाली आत न वितळलेली पावडर साबुदाण्यासारखी तशीच बसलेली, गोळे स्पष्ट मोजता येतात. आणि हो, ते एकच कुपन बाजूने घासलं होतं, बाकी चार वरून. माझ्या वहीत ते लिहिलेलंही आहे, पाहिलंच नव्हतं.

सरांना भट्टीबद्दल सांगितलं. ते म्हणाले, एक तुकडा कापून कर आणि दाखव. आता प्रश्न असा: छपाईत धातूत उरलेला ताण काढायला ६५० अंश पुरेसं आहे का, की तिथेही जाळीला धक्का बसतो? कुणी केलं असेल तर किती वेळ ठेवलं होतं तेही सांगा.

प्रतिसाद १

६५० ला दोन तास ठेवलं होतं, जाळी शाबूत राहिली. ताण सगळा जात नाही, पण तुमच्या तुलनेला चालेल. आधी बाजूचा छेद आणि वरचा छेद, दोन्ही एकाच कुपनातून काढून मोजा.