मदत हवी आहे: पिण्याच्या पाण्याचं घरोघर सर्वेक्षण, आराखडा तपासून द्याल का?

झारी: नदीकाठच्या गाळाच्या प्रदेशात सर्वेक्षण करायचं आहे. ३० गावं, प्रत्येकी २० घरं, एकूण ६००. बहुतेक ठिकाणी हातपंप. पाणी कुठून आणता, किती वेळ लागतो, उकळता का, एवढे प्रश्न. फेरी एकच, कोरड्या हंगामात, कारण तेव्हा रस्ते चालू असतात. ई. कोलायची (विष्ठेतला जिवाणू, प्रदूषणाची खूण) चाचणी फक्त पंपावर. यातून ‘सुरक्षित पाणी मिळणारी कुटुंबं’ असा आकडा निघेल का?

निवळी: नाही निघणार. जेएमपीच्या (जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचा पाणी-स्वच्छतेवर देखरेख ठेवणारा कार्यक्रम) व्याख्येत ‘सुरक्षित व्यवस्थापित’ म्हणजे सुधारित स्रोत (बाहेरची घाण जाणार नाही अशा बांधणीचा), तोही घराच्या आवारात, हवं तेव्हा पाणी आणि ते दूषित नसणं. आवाराबाहेरचा पंप असेल तर रांगेसह जाऊन-येऊन ३० मिनिटांच्या आत ‘मूलभूत’, त्यापुढे ‘मर्यादित’. म्हणून रांगेची वेळ वेगळी विचारा. लोक नुसतं चालणं सांगतात.

‘उकळता का?’ला उत्तर बहुधा ‘हो’ येतं, पाहुण्याला बरं वाटावं म्हणून. त्यापेक्षा ‘घरातले पितात ते पाणी पेलाभर द्या’ म्हणा आणि त्यातलं १०० मिली तपासा. पंपाचं पाणी स्वच्छ आणि पेल्यातलं दूषित, असं सर्रास दिसतं, कारण भांडं, ओगराळं आणि हात मध्ये येतात. पंप आणि पेला दोन्ही घ्या. क्लोरीन घातलेलं असेल तर बाटलीत सोडियम थायोसल्फेट हवं, नाहीतर जिवाणू वाटेतच मरतात आणि आकडा खोटा चांगला येतो. नमुना बर्फात ठेवा, शक्यतो ६ तासांत चाचणीला लावा. प्रत्येक गावात निर्जंतुक पाण्याची एक कोरी चाचणी. त्यात जिवाणूंच्या वसाहती (ठिपके) उगवल्या तर दोष हाताळणीचा.

एकाच फेरीत भागवणं मला पटत नाही. विष्ठेचं प्रदूषण बहुधा पावसात वाढतं आणि नेमका तोच हंगाम तुम्ही वगळताय. सगळी नको, निम्मी गावं पुन्हा घ्या.

गाळणी: ६०० हा आकडा फसवा आहे. एका गावातली घरं एकाच पंपावर असतात. प्रत्यक्षात उपयोगी पडणारा नमुना = ६०० ÷ (१ + (२० − १) × अंतर्गत सहसंबंध). अंतर्गत सहसंबंध म्हणजे एका गावातली घरं एकमेकांसारखी किती, त्याचं माप. सहसंबंध ०.३ धरला तर भाजक ६.७, म्हणजे जेमतेम ९० घरांइतकी माहिती. ६० गावं × १० घरं केलीत तर १६२. प्रवासखर्च वाढेल, पण घरं वाढवण्यापेक्षा गावं वाढवा.

झारी: आर्सेनिकही तपासावं का?

निवळी: गाळाच्या प्रदेशात उथळ कूपनलिका म्हटल्यावर तपासायलाच हवं. बांगलादेशात अतिसार टाळायला कूपनलिका पसरल्या आणि त्यांच्यात आर्सेनिक असल्याचं १९९३ साली कळलं. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, बांगलादेशची ५०. कुठली धरताय ते आधी लिहून ठेवा. आर्सेनिक तपासायच्या संचातल्या पट्टीचा रंग सावलीत वाचा. पाण्याला सडक्या अंड्याचा वास असेल तर हायड्रोजन सल्फाइड रंग बिघडवतो. चाचणी मोकळ्या हवेत करा, चाचणीत निघणारा आर्सिन वायू विषारी असतो. दहातला एक नमुना प्रयोगशाळेत पडताळा.

निकाल घराला सांगायचाच, पण सांगायचं वाक्य वेगळं. ई. कोलाय असेल तर ‘उकळून प्या’. आर्सेनिक असेल तर उकळण्याचा सल्ला चुकूनही नको. पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. तिथे ‘हे पिऊ नका, स्वयंपाकालाही नको, आंघोळ-धुण्याला चालेल’ म्हणा आणि जवळचा तपासलेला चांगला पंप दाखवा. तो कुणाच्या आवारात आहे आणि दुसऱ्यांना तिथे पाणी भरू देतात का, हे प्रश्नावलीत घाला.




झारी: ६० × १० करतो. पेल्याची चाचणी सगळ्या ६०० घरांत परवडणार नाही.

गाळणी: मग गावागणिक ४ घरं चिठ्ठ्या टाकून निवडा. पाहणी करणाऱ्याला निवडू देऊ नका. तो रस्त्यालगतची घरं घेतो.