रेकॉर्ड प्लेयरची एमसी कार्ट्रिज (सुई आणि तिच्या कंपनांचे विद्युत संकेत करणारा भाग) टोकियोहून आणावी की भारतातल्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावी?

कोमल_निषाद
माझं मत आधीच सांगतो. एमएम (मूव्हिंग मॅग्नेट, हलणारं चुंबक) कार्ट्रिज खुशाल बाहेरून आणा. एमसी (मूव्हिंग कॉइल, हलणारी गुंडाळी) मात्र अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

एमएमची सुई ओढली की निघते. ऑडिओ-टेक्निका व्हीएम540एमएलची सुई झिजली तर व्हीएमएन40एमएल एवढाच भाग मागवायचा, बॉडी तीच राहते. ऑर्टोफॉन 2एम रेडच्या बॉडीवर तर ब्लूची सुईही बसते. एमसीत ही सोय नाही. तारेच्या गुंडाळ्या कँटिलिव्हरच्या (सुई धरणाऱ्या बारीक दांडीच्या) मागच्या टोकालाच असतात, त्यामुळे सुई संपली की अख्खी कार्ट्रिजच परत पाठवावी लागते. सुईचं आयुष्य साधारण 500 ते 1000 तास. रोज दोन तास ऐकणाऱ्याला 1000 तास दीड वर्षही पुरत नाहीत. तेव्हा जुनी देऊन सवलतीत नवी मिळण्याची योजना विक्रेत्यामार्फतच चालते. जपानच्या बाजारासाठीच्या नगाचं हमीपत्र जपानपुरतंच असतं. तो नग इथल्या विक्रेत्याने का स्वीकारावा?

अकिहाबारा_लोकल
असहमत. हमीत काय येतं ते आधी पाहू. निर्मितीतला दोष येतो. झिजलेली सुई आणि मोडलेला कँटिलिव्हर कुणाच्याच हमीत येत नाही, इथल्याही नाही. आणि कार्ट्रिज मरतात त्या बहुतेक पुसायच्या फडक्याने, शर्टाच्या बाहीने, नाहीतर स्क्रू आवळताना हात निसटून. त्यात विक्रेता काय करणार?

आता किंमत. जपानात उपभोग कर 10 टक्के आहे. करासह 66,000 येनची कार्ट्रिज पर्यटकाला पासपोर्ट दाखवून 60,000 ला पडते (करमुक्त खरेदीची किमान रक्कम 5,000 येन, म्हणजे तो प्रश्नच नाही). 1 नोव्हेंबर 2026 पासून मात्र पद्धत बदलते: दुकानात कर भरायचा आणि देश सोडताना परतावा घ्यायचा. तेव्हा वस्तू दाखवावी लागू शकते, म्हणून ती हातातल्या बॅगेतच ठेवा. तशीही चेक-इन बॅगेत ती टाकूच नये.

सवलतीची योजना तिथेही आहे. डेनॉन डीएल-103 किंवा ऑडिओ-टेक्निकाच्या एमसी मॉडेलांना जपानात सुई-बदलीचा वेगळा दर असतो. जुनी कार्ट्रिज दुकानात द्यायची, कमी दराने नवी घ्यायची. ज्याचं दर दोन वर्षांनी जाणं-येणं आहे त्याला हेच सोयीचं.

मोरी_नंबर_आठ
दोघांनीही कस्टम सोडलं, आणि खरा हिशेब तिथेच चुकतो.

बॅगेतून आणणं आणि कुरियरने मागवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॅगेतून आणताना माफ मर्यादेच्या वरच्या रकमेवरच कर लागतो. 2016 च्या नियमांतला ₹50,000 चा आकडा अनेकांच्या डोक्यात अजून पक्का आहे. तो धरून चालू नका, निघण्याआधी चालू मर्यादा पाहा. नवरा-बायकोची मर्यादा एकत्र करून एकाच महागड्या वस्तूला लावता येत नाही. बिल जवळ ठेवा आणि मर्यादा ओलांडत असाल तर सरळ रेड चॅनलला (कर भरणाऱ्यांच्या रांगेत) जा.

कुरियरमध्ये सूट नाही. वस्तू, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर मूळ सीमाशुल्क, त्या शुल्काच्या 10 टक्के समाजकल्याण अधिभार आणि या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी). वर कुरियर कंपनीचा हाताळणी खर्च आणि कार्डाचा परकीय चलनाचा आकार. ‘भेटवस्तू’ लिहून पाठवायला सांगू नका; ती सवलत डिसेंबर 2019 मध्येच गेली. किंमत कमी लिहून घेणाऱ्यांनी तर विम्याचा विचार करावा. पार्सल हरवलं तर लिहिलेली रक्कमच हातात पडते.

आणि कोमलराव, कार्ट्रिज परत पाठवावी लागते म्हणता, पण दुरुस्तीला बाहेर पाठवलेली वस्तू परत येताना पूर्ण किमतीवर कर लागतो असं नाही. दुरुस्तीसाठी निर्यात म्हणून कागद नीट केले असतील तर दुरुस्तीचा खर्च आणि दोन्ही बाजूंची वाहतूक व विमा एवढ्यावरच लागतो. कागद केले नाहीत तर मात्र ती नवी आयातच धरली जाते.

शून्यबिंदू
पैशांचं झालं. पण नग सरळ आहे की नाही, हे कोण तपासणार? महागड्या कार्ट्रिजमध्येही कँटिलिव्हर किंचित तिरका, सुई जराशी फिरवून चिकटवलेली असे नग निघतात. फिरलेल्या मायक्रोलाइन (बारीक, धारदार आकाराच्या) सुईला प्रोट्रॅक्टरवर (कोन जुळवायच्या पट्टीवर) कितीही जुळवा, उपयोग नाही, कारण आपण जुळवतो ती बॉडी किंवा कँटिलिव्हर. सुईची धार वेगळ्याच कोनात राहते आणि आतल्या खोबणींत ‘स’ फाटतो. शंकूच्या आकाराच्या सुईला हा त्रास जवळपास नाही. म्हणून डीएल-103 बाहेरून आणण्यात धोका कमी, शिबाता (हाही धारदार आकार) किंवा मायक्रोलाइनमध्ये जास्त.

दुसरी चूक टोनआर्म (कार्ट्रिज धरणारा हात) न पाहता घेण्याची. आर्म आणि कार्ट्रिज मिळून ज्या कंपनसंख्येला थरथरतात ती योग्य पट्ट्यात यायला हवी. डीएल-103 चा लवचीकपणा 5 लिहिलेला असतो, पण तो 100 हर्ट्झचा, जपानी पद्धतीचा. 10 हर्ट्झसाठी दीडपट ते दुप्पट धरा, म्हणजे साधारण 9. आर्मचं प्रभावी वजन 10 ग्रॅम, कार्ट्रिज 8.5, स्क्रू अर्धा, एकूण 19. 19 गुणिले 9 म्हणजे 171. त्याच्या वर्गमुळाने 159 ला भागा, येतात 12.2 हर्ट्झ. असायला हवी ती 8 ते 12 च्या दरम्यान. 6 ग्रॅमने जड हेडशेल (आर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज बसवायचा भाग) लावलं की 10.6 वर येतं. शिवाय तिच्या 0.3 मिलिव्होल्टच्या आउटपुटला 60 डीबीच्या आसपास गेन (संकेताची वाढ) लागतो. 40 डीबीच्या एमएम फोनो अँपवर ती लावून ‘आवाजच नाही’ म्हणून नग परत करायला निघतात लोक. चांगला विक्रेता हे विकण्याआधीच विचारतो.

अकिहाबारा_लोकल
विचारणारा विक्रेता असेल तर मान्य. पण ऑर्डर आल्यावर मागवून सीलबंद डबा हातात ठेवणारेही अधिकृतच म्हणवतात. त्यांना वरचे पैसे कशाचे द्यायचे? टोकियोच्या काउंटरवर 10 पट भिंग घेऊन उभं राहता येतं. समोरून पाहा: कँटिलिव्हर बॉडीच्या मधोमध आणि सरळ हवा. बाजूने पाहा: सुईच्या बुडाशी डिंकाचा गोळा नको.

कोमल_निषाद
सुई किती अंश फिरली आहे ते 10 पट भिंगात दिसत नाही, आणि मुकी गुंडाळी तर कुठल्याच भिंगात दिसत नाही. ते कळतं घरी, मोनो एलपी (दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेली रेकॉर्ड) लावल्यावर. एक बाजू दबली असेल तर अँप बंद करून कार्ट्रिजच्या पिनांवर पांढरी तार लालच्या आणि निळी हिरव्याच्या जागी लावा. दबलेली बाजू बदलली तर दोष कार्ट्रिजमध्ये, नाही बदलली तर पुढे कुठेतरी. (मल्टिमीटर एमसीच्या पिनांना लावू नका, त्यातला प्रवाह त्या बारीक तारेला झेपेलच असं नाही.) आणि दोष कार्ट्रिजमध्येच निघाला तर? तुम्ही पुण्यात, दुकान टोकियोत.

सीलबंद डबा देणाऱ्यांबद्दलचा मुद्दा मात्र मान्य. पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: नग त्यांच्या टेबलावर वाजवून दोन्ही बाजूंची पातळी दाखवतील का, मोजलेला फरक कंपनीने दिलेल्या मर्यादेबाहेर असेल तर बदलून देतील का, आणि सुई संपल्यावर जुन्या नगाच्या बदल्यात नवा किती टक्के किमतीला देतील. तिन्हीला नकार आला तर तुमचं टोकियोचं तिकीट काढा, मी अडवणार नाही.

मोरी_नंबर_आठ
त्यात चौथी गोष्ट घाला: बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. मॉडेल आणि रक्कम एवढंच असलेलं बिल दुरुस्तीच्या निर्यातीलाही पुरत नाही आणि कंपनीच्या बदली योजनेलाही.